जुनी बाईक सारखी बंद पडतेय, दुरुस्त करायची की नवीन घ्यायची? आधी एवढं तपासा

गाडी ढकलत आणायची वेळ दोन-चारदा आली की डोक्यात एकच येतं, विकून टाकू ही आणि नवीन घेऊ. घरचे तेच म्हणतात, मित्र तर कधीपासून तेच म्हणतोय, आणि मेकॅनिक म्हणतो काही नाही हो, इंजिनचं काम करून घ्या, अजून दहा वर्षं बघायला नको. गंमत म्हणजे सगळेच गाडी न तपासता बोलत असतात. चिडून घेतलेला निर्णय दोन्हीकडून महागात पडतो, चांगली गाडी फुकटात जाते नाहीतर संपलेल्या गाडीत पैसे ओतत राहता.

माझ्या मते पहिला प्रश्न गाडी किती जुनी आहे हा नाहीच. पहिला प्रश्न हा, की गाडीला एकच दुखणं परत परत होतंय, की दर वेळी वेगळं काहीतरी निघतंय? एकच दुखणं परत येत असेल तर बहुतेक वेळा मूळ कारण अजून कोणाला सापडलेलंच नाही, नुसते पार्ट बदलणं चाललंय, आणि याचा गाडीच्या वयाशी फारसा संबंध नसतो. आज वायरिंग, पुढच्या महिन्यात क्लच, मग सायलेन्सरमधून धूर, मग गिअर सुटणं असं रांगेनं चालू असेल तर मात्र ते वय आहे, तिथे नवीन गाडीचा विचार खरंच करायचा. या दोन गोष्टी लोक एकाच खात्यात टाकतात म्हणून घोळ होतो.

गरम झाली की बंद, थंड झाली की चालू

सगळ्यात जास्त वैताग देणारा आणि सगळ्यात जास्त गाड्या विकायला लावणारा प्रॉब्लेम हाच. सकाळी एका किकमध्ये चालू, दहा-पंधरा किलोमीटर झकास, मग मिसिंग मारायला लागते आणि बंद. अर्धा तास उभी करा, परत काहीच झालं नाही अशी चालू. मेकॅनिककडे नेईपर्यंत ती थंड झालेली असते, तिथे एकदम मस्त चालते, तो म्हणतो गाडीत काही नाही, प्लग बदलून देतो. प्लग बदलला, चार दिवसांनी परत तेच.

हा प्रॉब्लेम बंद पडल्या जागीच पकडायचा असतो, नंतर काही सापडत नाही. त्यामुळे सीटखाली एक प्लग पाना, एक जास्तीचा चालू प्लग आणि एक स्क्रू ड्रायव्हर ठेवा.

गाडी बंद पडली की सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत खेचल्याचा आवाज आला, आणि झाकण उघडून लगेच किक मारल्यावर गाडी चालू झाली, तर तुमचा आजार झाकणातल्या हवेच्या बारीक भोकात आहे. टाकीतलं पेट्रोल खाली जातं तशी वरून हवा आत यायला लागते, ते भोक धूळ-मातीने बुजलं की टाकीत व्हॅक्युम तयार होतो आणि पेट्रोल खाली उतरत नाही, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल कसं अडकत अडकत येतं तसं. थोडा वेळ उभी केली की हळूहळू हवा शिरते आणि गाडी चालू होते, आणि आपल्याला वाटतं गाडी "थंड झाली" म्हणून चालू झाली. झाकण खोलून भोक साफ करणं एवढंच काम. यासाठी कार्बोरेटर बदललेल्या गाड्या मी बघितल्यात.

झाकण उघडून फरक पडला नाही तर स्पार्क बघा, लगेच, इंजिन गरम असतानाच. प्लगची कॅप काढून सीटखाली ठेवलेल्या जास्तीच्या प्लगला लावा, त्या प्लगचं धातूचं अंग इंजिनच्या उघड्या धातूला नीट टेकवा आणि किक किंवा सेल्फ मारा. इंजिनमधला प्लग तसाच राहू द्या, तो काढला तर त्या भोकातून पेट्रोलची वाफ येते आणि बाजूलाच ठिणगी पडत असते, ते धोक्याचं आहे. हाताने प्लग पकडू नका, कॅपच्या रबराला धरा. स्पार्क निळा, कडक दिसला तर करंटचं काम ठीक आहे. गरम असताना स्पार्क गायब आणि थंड झाल्यावर परत येतो तर इग्निशन कॉइल (प्लगला जोराचा करंट देणारी), पल्सर कॉइल (स्पार्कची वेळ कळवणारी) किंवा सीडीआय (स्पार्क सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) यातलं काहीतरी गरम होऊन सुटतंय. कॉइलमधली बारीक तार आतून तुटलेली असते, थंड असताना टोकं टेकलेली असतात आणि गरम होऊन पसरली की सुटतात. म्हणून थंड गाडीवर मीटर लावून रेझिस्टन्स बरोबर दाखवतो आणि सगळे फसतात. अशा वेळी गरम असतानाच मीटर लावायचा किंवा सेम मॉडेलच्या चालू गाडीची कॉइल काढून लावून बघायची. सीडीआय सगळ्यात शेवटी, कारण तो सगळ्यात महाग आणि मेकॅनिक सगळ्यात आधी तोच बदलायला सांगतो.

स्पार्क आहे तर पेट्रोल बघा. कार्बोरेटरच्या वाटीला खाली ड्रेन स्क्रू असतो, तो सैल केला की नळीतून पेट्रोल यायला पाहिजे आणि कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) चालू असताना धार सुरूच राहिली पाहिजे. आधी आलं आणि मग थेंब थेंब झालं तर कॉक, जाळी किंवा पाईप कुठेतरी चोक आहे. इंजिन गरम असतं, पेट्रोल त्यावर सांडू देऊ नका.

अजून एक कारण जे फार कमी लोक बघतात ते म्हणजे टॅपेट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग. टॅपेट वाजतात म्हणून लोक मेकॅनिकला सांगतात आवाज बंद करा, तो पण काय करणार, टाईट करून देतो, आवाज गेला, गिऱ्हाईक खूश. पण टॅपेटला ठरलेली फट लागते, बऱ्याच लहान इंजिनांत थंड असताना ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास, नक्की आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. ती फट संपली की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळतं, स्लो स्पीडला गाडी बंद पडते आणि गरम असताना किक मऊ लागते. वर व्हॉल्व्ह जळतो तो वेगळाच, कारण व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो त्याच्या बसायच्या जागेवर टेकल्यावरच निघून जाते, टेकलाच नाही तर जाणार कुठे. थोडे वाजणारे टॅपेट चालतात, अजिबात न वाजणाऱ्यांकडे संशयाने बघा. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून थंड इंजिनवर सेट करून घ्या, नुसत्या हाताच्या अंदाजाने नाही.

फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर पद्धत थोडी वेगळी. चावी चालू केली की टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाचा घुईं आवाज येतो, बंद पडल्यावर तो येतो का ऐका. येत नसेल तर पंप, त्याचा रिले किंवा कपलर (वायरींचा जोड) बघा. मीटरमधला इंजिनचा दिवा लागला असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचल्याशिवाय एकही पार्ट बदलू देऊ नका. आणि कायम रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय असेल तर ती सोडा, टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो.

दर काही आठवड्यांनी कार्बोरेटर साफ करावा लागतो

कार्बोरेटर आपोआप घाण होत नाही. घाण वरून येते. टाकीत टॉर्च मारून बघा, तळाशी तांबूस गाळ किंवा कडेला गंज दिसला तर कितीही वेळा कार्बोरेटर साफ करा, काही दिवसांनी स्लो जेट (त्यातलं पेट्रोलचं बारीक भोक) परत बुजणार. इथे इलाज टाकीचा करायचा असतो: टाकी उतरवून गंज काढणं, नीट वाळवणं, कॉकची जाळी बदलणं आणि पाईपमध्ये एक फिल्टर टाकणं. फिल्टर मात्र गाडीला चालेल असा घ्या, पंप नसलेल्या गाडीत पेट्रोल नुसतं उतारावर येतं, फार बारीक फिल्टर लावला तर तोच नवा प्रॉब्लेम होतो.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर अजून एक भानगड. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी बरेच दिवस उभी राहिली की पाणी टाकीच्या तळाला आणि कार्बोरेटरच्या वाटीत जमू शकतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाईप, ओ-रिंग, नीडलचं (वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईचं) टोक त्यासाठी बनवलेले नसतील तर फुगतात नाहीतर कडक होतात. मग ओव्हरफ्लो, म्हणजे वाटी भरून पेट्रोल बाहेर येणं, सुरू होतो. ओव्हरफ्लोवाल्या गाडीचं इंजिन ऑइल एकदा नक्की बघा, लेव्हल वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय, ते पातळ ऑइल इंजिन खाऊन टाकेल. ऑइल बदला, नीडल बदला आणि रात्री कॉक बंद करायची सवय लावा.

कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधला रबरी जॉइंट पण वाकवून बघा. वरून चांगला दिसतो, वाकवला की भेगा दिसतात. गाडी स्लोवर चालू ठेवून त्या जागेवर थोडं पाणी फवारा, इंजिनचा आवाज बदलला तर तिथून हवा खेचतेय. हा एक रबराचा तुकडा खराब असेल तर जगातलं कुठलंही ट्युनिंग टिकणार नाही.

बॅटरी सारखी उतरते

नवी बॅटरी टाकली, सहा महिन्यांत परत गेली, मग आपण बॅटरीच्या कंपनीला शिव्या घालतो. साधा मल्टिमीटर घ्या. गाडी काही तास उभी असताना चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा थोडं वर दाखवते. गाडी चालू करून रेस वाढवा, आता साधारण १३.५ ते १४.५ यायला पाहिजे. रेस वाढवूनही १३ च्या खालीच राहिलं तर चार्जिंग होत नाही, मग स्टेटर कॉइल (इंजिनमध्ये करंट तयार करणारी), आरआर युनिट (तो करंट आवरून बॅटरीला देणारं) किंवा त्यांच्या मधला कपलर बघा. तो कपलर उघडून बघा, तपकिरी पडलेला, वितळलेला असतो बऱ्याचदा, आणि लोक दोन्ही महाग पार्ट बदलून तोच जळका कपलर परत जोडतात. १५ च्या वर गेलं तर उलटा प्रॉब्लेम, आरआर युनिट करंट आवरत नाही, बॅटरी उकळते आणि बल्ब उडत राहतात.

दोन्ही ठीक असून रात्रीत बॅटरी बसते तर चावी बंद असताना काहीतरी करंट खातंय. निगेटिव्हची वायर काढून टर्मिनल आणि वायरच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावा, घड्याळ वगैरे असेल तर काही मिलिअँपिअर चालतात, जास्त दिसलं तर एकेक कपलर काढत जा आणि आकडा कुठे पडतो बघा. मीटर असा जोडलेला असताना चावी किंवा सेल्फ चालू करू नका. बाहेरून बसवलेला हॉर्न, जादा लाईट, मोबाईल चार्जर यांच्यावर पहिला संशय घ्यायचा.

नवा पार्ट टाकला तरी तोच परत जातो

इथे मेकॅनिकचा आळस सगळ्यात जास्त दिसतो. पुढच्या शॉकअपचं ऑइल सील बदललं, महिन्यात परत ऑइल गळायला लागलं, तर दांड्यावरून नख फिरवा, गंजाचा खड्डा लागेल, तो प्रत्येक वेळी नवीन सील कापतो. चाकाचं बेअरिंग सारखं जातंय तर हबच्या आतली दोन बेअरिंगमधली नळी कोणीतरी बसवायला विसरलंय किंवा ती झिजलीय, ॲक्सल आवळला की बेअरिंगवर बाजूने दाब येतो. चेन एकटी बदलली आणि जुन्या दातऱ्या म्हणजे स्प्रॉकेट तशीच ठेवली तर ती चेन टिकणार नाही, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलायचे.

क्लच प्लेट सारख्या जळत असतील तर केबलला थोडी मोकळी चाल आहे का बघा आणि ऑइलचा डबा वाचा. बाईकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्याला जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं ऑइल लागतं. कारचं घर्षण कमी करणारं ऑइल टाकलं तर क्लच पण घसरतो, आणि जासो एमबी हे स्कूटरसाठी असतं.

धुराचं पण असंच. निळा धूर यायला लागला, मेकॅनिकने नुसत्या पिस्टनच्या रिंगा बदलल्या, दोन-तीन महिने बरं वाटलं, परत धूर. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक, झिजून लंबगोल झालेलं असेल तर गोल रिंग त्यात बसणार कशी? बोअर मोजल्याशिवाय रिंगा टाकणं म्हणजे तेच काम दोनदा करणं, आणि मजुरी दोनदा देणं.

आता खरं वय तपासा

वरचं सगळं दुरुस्तीचं आहे, त्यासाठी कोणी गाडी विकू नये. गाडी ठेवायची का नाही हे ज्यावर ठरतं त्या गोष्टी तीनच: इंजिनचा खालचा भाग, चासी (गाडीचा सांगाडा) आणि पार्ट मिळतात का.

इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, व्हॉल्व्ह, बोअर, पिस्टन. हा झिजतोच आणि तो दुरुस्त व्हायलाच बनवलेला असतो. लोखंडी स्लीव्हचं सिलिंडर असेल तर ते ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मिलिमीटर असं पायरीपायरीने मोठं करून ओव्हरसाईज पिस्टन टाकता येतो, म्हणून आधी विचारा की याआधी किती वेळा बोअर झालंय. आतून निकेलचा कडक थर दिलेलं सिलिंडर मात्र असं साध्या पद्धतीने बोअर होत नाही, तिथे सिलिंडरच बदलायची तयारी ठेवा.

धूर बघायची पण पद्धत आहे. रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्या रेसला निळा भपका आला आणि मग साफ झाला तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे छोटं काम. चढावर, रेस देताना सतत निळा तर रिंग-बोअर. उतारावर रेस सोडून मग परत दिली की भपका, तर व्हॉल्व्ह गाईड आणि सील. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, त्यात इंजिन उघडायचं काहीच कारण नाही, एअर फिल्टर आणि चोक बघा. थंडीत सकाळी येणारी पांढरी वाफ सोडून द्या.

इंजिन उघडायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट मागा. रेस पूर्ण उघडी धरून रीडिंग घ्यायचं, मग प्लगच्या भोकातून थोडंसं ऑइल टाकून परत घ्यायचं. ऑइल टाकल्यावर आकडा चांगला वाढला तर रिंग-बोअर गळतंय, वाढला नाही तर व्हॉल्व्ह. एवढ्या एका टेस्टने हेडचं काम आणि पूर्ण इंजिनचं काम यातला फरक कळतो, आणि बिलात तो फरक मोठा असतो. काही गाड्यांत किक सोपी व्हावी म्हणून डिकॉम्प्रेशनची, म्हणजे थोडा दाब सोडून द्यायची, सोय असते, तिथे आकडा कमी येतो, घाबरू नका, मॅन्युअलशी ताडून बघा.

खालचा भाग म्हणजे क्रँक, कनेक्टिंग रॉड, गिअरबॉक्स. तिथे बिघाड असला की पूर्ण इंजिन उतरवून दोन भाग करावे लागतात. रेस देताना खोलवरून ठक ठक, वेगाबरोबर वाढणारी घरघर, गिअर टाकला की आपोआप सुटणं ही लक्षणं. जुनं ऑइल काढाल तेव्हा ते स्वच्छ भांड्यात घ्या आणि उन्हात बघा, ड्रेन बोल्टवर लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी मऊ बुरा चालतो, चमकणारे तुकडे, पापुद्रे दिसले तर आत काहीतरी मोडतंय. ॲल्युमिनियमचा चुरा चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ऑइलपण बघायचं. बोअर उतरवलंच असेल तर कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवून घ्या, बाजूला थोडा हलतो ते ठीक, वर-खाली अजिबात हलता कामा नये. इथे हलला आणि मेकॅनिक म्हणाला चालून जाईल, तर चालत नाही, नव्या पिस्टनची पण वाट लागते.

चासी सगळे विसरतात. हँडलच्या मुळाशी, मागच्या फोर्कच्या पिव्होटपाशी आणि साईड स्टँडच्या जोडावर रंग फुगलाय का, केसासारखी भेग आहे का बघा. डबल स्टँडवर लावून मागचं चाक डावी-उजवीकडे हलवा, खेळ लागला तर बहुतेक पिव्होटमधले बुश गेलेत, ते बदलता येतात. पुढचं चाक वर उचलून हँडल हळू फिरवा, मधोमध खटका लागला तर कोन सेट (हँडलच्या मुळातलं बेअरिंग) गेलाय, तोही बदलता येतो. गाडी एका बाजूला ओढत असेल तर मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी सरळ दोरे ताणून पुढच्या चाकापर्यंत आणा आणि दोन्हीकडचं अंतर बघा. सारखं नसेल तर आधी चेनच्या ॲडजस्टरच्या खुणा बघा, त्या सारख्या असूनही फरक असेल तर चासी किंवा फोर्क वाकलाय. मुख्य चासी वाकलेली, तडकलेली किंवा आतून गंजून पातळ झालेली असेल तर माझ्याकडून विषय संपला, इंजिन कितीही चांगलं असो. वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण ब्रेक मारताना ती वेल्डिंग कुठे आहे हे आठवत बसायची गाडी मला नको.

पार्टांचं सोपं आहे. रिंगा, प्लेट, बेअरिंग, सील हे साईजवर मिळतात, त्याची काळजी नाही. अडतं ते त्या मॉडेलच्याच गोष्टींवर: इसीयू (इंजेक्शनच्या गाडीचा कॉम्प्युटर) किंवा सीडीआय, वायरिंग हार्नेस (गाडीभर फिरणारा वायरींचा जुडगा), मीटर, गिअरचे दाते. म्हणून नियम एक, पार्ट हातात आल्याशिवाय इंजिन उघडायचं नाही. उघडं इंजिन पोत्यात घालून महिनोन्महिने कोपऱ्यात पडलेलं दिसतं ना, ते असंच झालेलं असतं.

पैशाचा हिशोब कसा करायचा

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की विका, असं सर्रास सांगतात. जुन्या बाईकला हे लागू करून चालतच नाही. तिची बाजारातली किंमत एवढी खाली आलेली असते की एक नीट इंजिनचं काम केलं तरी निम्म्यावर जाणार, मग या हिशोबाने प्रत्येक जुनी गाडी विकायलाच हवी. पण तुम्हाला गाडी विकायची नाहीये, चालवायचीय, तर तुलना वर्षाच्या खर्चाशी करा.

गेल्या वर्षभराचा सगळा खर्च काढा. त्यातून पेट्रोल, नेहमीची सर्व्हिसिंग, ऑइल, टायर, ब्रेक शू, चेनसेट वजा करा, कारण हे नव्या गाडीलाही कधी ना कधी लागणारच. उरलं ते जुन्या गाडीचं जुनेपण. आता समोरचं मोठं काम किती वर्षं पुरेल तेवढ्याने त्याला भागा आणि यात मिळवा. दुसऱ्या बाजूला नव्या गाडीच्या किमतीत वर्षाला होणारी घसरण, कर्जाचं व्याज आणि जास्तीचा विमा. घसरण पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त असते हे लोक धरतच नाहीत, हप्ता तेवढा धरतात. हा हिशोब प्रामाणिकपणे केला तर बहुतेक वेळा जुनी गाडीच स्वस्त पडते, म्हणून "पैसे वाचवायला नवीन घेतोय" असं स्वतःला सांगू नका. नवीन घ्यायची इतर चांगली कारणं असतात.

ॲव्हरेजचं कारण पण लोक पुढे करतात. जुनी गाडी कमी देते ते खरं, पण आधी टायरची हवा, घासणारा ब्रेक, कोरडी चेन, एअर फिल्टर, प्लग एवढं करून मोजा, आणि उरलेला फरक वर्षाच्या किलोमीटरवर काढा. रोज थोडंच चालवणाऱ्याला तो फरक हप्त्याच्या जवळपास पण जात नाही. रोज लांब जाणाऱ्याचं गणित वेगळं येईल.

मग नवीन कधी

चासी गेली असेल तर, खालचं इंजिन गेलंय आणि पार्ट मिळत नसतील तर, आणि वर म्हटलं तसं दर महिन्याला वेगळं दुखणं रांगेनं येत असेल तर. शेवटच्या प्रकारात वायरिंग हार्नेस कडक होऊन जागोजाग तुटायला लागलेलं असेल तर मी फार ताणत नाही, कारण ते बदलूनही जुने स्विच, जुने कपलर राहतातच.

सेफ्टी हे कारण मला सगळ्यात पटतं. रात्री हायवेने रोज जायचं असेल, मागे कोणीतरी बसत असेल, तर एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय), चांगला डिस्क ब्रेक आणि नीट उजेड देणारा हेडलाईट जुन्या गाडीत नंतर आणता येत नाही, हेडलाईटचं काहीतरी जमतं पण एबीएस नाहीच. आणि ज्याचा दिवसाचा कामधंदाच गाडीवर आहे त्याला बंद पडलेला एक दिवस दुरुस्तीच्या बिलापेक्षा महाग असतो, त्याने वरच्या हिशोबात ते बुडालेले दिवस पण धरावेत.

सेकंड हँड हा मधला मार्ग म्हणतात. तुमच्या गाडीची दुखणी तुम्हाला माहीत आहेत, दुसऱ्याच्या गाडीची नाहीत, एवढं धरून चला, आणि घ्यायचीच तर वरच्या सगळ्या तपासण्या तिच्यावर करा, सकाळी थंड इंजिनवर. आधीच गरम करून ठेवलेली गाडी बघायला गेलात तर परत या.

दुरुस्ती करायचं ठरलं तर

मेकॅनिकला पार्टचं नाव सांगू नका, लक्षण सांगा. "कार्बोरेटर बघा" म्हटलं की तो कार्बोरेटरच बघणार. "दहा किलोमीटरनंतर बंद पडते, झाकण उघडून फरक नाही, स्पार्क गायब होतो" असं सांगितलं तर निम्मं काम तिथेच झालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा, पाच पार्ट एकदम बदलले तर कशाने बरी झाली ते कधीच कळत नाही. जुने पार्ट परत मागून घ्या.

बोअर-पिस्टन केलं तर सुरुवातीचे काहीशे किलोमीटर एकाच वेगाने दामटू नका, पूर्ण रेस नको आणि टॉप गिअरमध्ये धापा टाकत पण नको, वेग कमी-जास्त करत चालवा म्हणजे रिंगा नीट बसतात, आणि पहिलं ऑइल लवकर बदला, त्यात घासलेला बुरा असतो. टायर झिजले नसले तरी बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा, तडे गेलेलं रबर नव्या इंजिनला जोडून काय उपयोग. डिस्क ब्रेकचं ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर ते पण यातच उरकून घ्या.

नवीन घ्यायचं ठरलं तर

जुनी आधी विकून मोकळे होऊ नका, नवी हातात येईपर्यंत ठेवा. बंद गाडीचा भाव आणि चालू गाडीचा भाव यात जो फरक असतो तो बऱ्याचदा एका कॉइलच्या किंवा झाकणाच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून छोटं काम करूनच विका, मोठं काम मात्र विकण्यासाठी म्हणून करू नका, ते पैसे परत येत नाहीत. काय बिघडलंय ते घेणाऱ्याला सरळ सांगा. कागदपत्रं त्याच्या नावावर झाल्याशिवाय गाडी सोडू नका.

आणि विकेपर्यंत महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका, टाकी पत्र्याची असेल तर भरलेली ठेवा म्हणजे आत गंज धरत नाही, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि डबल स्टँडवर लावा. मधूनमधून दोन मिनिटं चालू करून बंद करण्याने काही भलं होत नाही, बॅटरी तेवढी उतरते, चालवायचीच तर नीट गरम होईपर्यंत फिरवून आणा.